एक रात्र आणि उरलेले ३६४ दिवस

१७ फेब्रुवारी २०२४. जपानच्या ईशान्येला, इवाते प्रांतातल्या ओशू शहरात कोकुसेकी-जी नावाचं बौद्ध मंदिर आहे. त्या रात्री तिथली 'सोमिनसाई' शेवटची झाली. पांढरा लंगोट लावलेल्या शेकडो पुरुषांनी बर्फगार पाणी अंगावर घेतलं, 'जास्सो, जोयासा' असा घोष करत मंदिराला फेऱ्या घातल्या, आणि भांगेच्या वाखाच्या पिशवीतले ताईत मिळवण्यासाठी एकमेकांना रेटत राहिले. हजार वर्षांहून जुना मानला जाणारा हा उत्सव ना सरकारने बंद पाडला, ना भूकंपाने. गाव म्हातारं झालं, मागून कोणी आलं नाही, म्हणून मंदिरानेच आधीच्या डिसेंबरात जाहीर केलं की यापुढे जमणार नाही. मग जगभरच्या वृत्तसंस्थांचे छायाचित्रकार तिथे पोचले. वाफाळलेली उघडी शरीरं, वर उंचावलेले हात. ती छायाचित्रं तुम्हीही पाहिली असतील.

अशी बातमी आली की एक ठरलेला वाद पेटतो. एक बाजू म्हणते, एकही दिवस दवडू नका. ड्रोन लावा, चांगल्यात चांगला कॅमेरा लावा, जपानच्या खेड्यांतला प्रत्येक विधी विझण्याआधी टिपून ठेवा. दुसरी बाजू हसते. भुसा भरलेला वाघ म्हणजे वाघ नव्हे, असं तिचं म्हणणं. जे गाव उरलं नाही त्याच्या देवाचं चित्रण करून कोणाचं भलं होणार? मरणाऱ्याला शांतपणे मरू द्या. मला या वादाचा कंटाळा आला आहे, कारण वरवर भांडणाऱ्या या दोन्ही बाजू एक गोष्ट न तपासताच गृहीत धरतात. नोंद म्हणजे त्या एका रात्रीचं चित्रण, आणि ते बघणारा माणूस गावाबाहेरचा, हे दोघांनाही मान्य आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. नोंद केलीच पाहिजे, पण रात्रीची कमी आणि उरलेल्या ३६४ दिवसांची जास्त. पेंढा कोण आणतं, साकेचे (तांदळाच्या दारूचे) पैसे कोण भरतं, स्वयंपाकघरात कोण राबतं, कोणाचं कोणाशी बिनसलं, कुठली गोष्ट मिळेनाशी झाल्यावर तिच्याऐवजी काय वापरलं, याची नोंद. आणि तिचा पहिला मालक गाव असला पाहिजे. मालक म्हटल्यावर नोंद न करू देण्याचा आणि विधी थांबवण्याचा हक्कही त्याचाच.

शेवटच्या सोमिनसाईनंतर तिथल्या पुजाऱ्यांपैकी एकाने पत्रकारांना जे सांगितलं, त्याचा आशय असा होता: आज तुम्ही पाहिलात तो जल्लोष, पण त्यामागे कितीतरी विधी आणि प्रचंड काम असतं, आणि ते करायला माणसं उरलेली नाहीत. हे वाक्य त्या वादात कोणी नीट ऐकलंच नाही. लंगोट लावून धावायला तरुण मिळत होते; शेवटच्या वर्षी तर लांबून आले. बंद पडलं ते मागचं काम. म्हणजे कॅमेऱ्याने जो भाग टिपला त्याला माणसांची ददात नव्हती, आणि ज्या भागापायी उत्सव थांबला तो कॅमेऱ्यात आलाच नाही. हाच उत्सव २००८ साली देशभर गाजला होता. जाहिरातीच्या भित्तिचित्रावर छातीवर केस असलेला उघडा पुरुष होता. बाईप्रवाशांना ते किळसवाणं वाटेल म्हणून रेल्वे कंपनीने ते स्थानकांवर लावायला नकार दिला आणि वर्तमानपत्रांना विषय मिळाला. प्रसिद्धीने उत्सव वाचत असते, तर हा पहिला वाचला असता.

आता 'मरू द्या' म्हणणाऱ्यांची बाजू. ती मला वाटत होती त्यापेक्षा बळकट आहे, आणि तिचं मूळ खुद्द जपानच्या कायद्यातच सापडतं. १९५० मध्ये जपानने सांस्कृतिक वारसा जपण्याचा कायदा केला. १९५४ च्या दुरुस्तीत खेड्यांतल्या रूढी-विधींचा विचार झाला तेव्हा ठरलं, की यांची फक्त नोंद करायची, यांना जपायच्या फंदात पडायचं नाही. लोकरूढी आपोआप उगवतात, बदलतात, मावळतात. त्यांना आहे त्या रूपात धरून ठेवणं निरर्थक, असा त्यामागचा विचार होता. सरकारी खात्याकडून इतकं शहाणपण क्वचितच पाहायला मिळतं. पण नंतरच्या वीस वर्षांत खेड्यांतली तरुण पोरं तोक्यो-ओसाकाच्या कारखान्यांकडे गेली, नुसत्या नोंदीने भागेना, आणि १९७५ च्या दुरुस्तीने अशा विधींना राष्ट्रीय दर्जा द्यायची सोय झाली. आज तसा दर्जा मिळालेले विधी, नाच आणि उत्सव तीनशेहून अधिक आहेत. दर्जा आला की 'होझोनकाई' येते, म्हणजे जतन समिती. समिती आली की अहवाल येतो, आणि अहवालात काय लिहायचं हा प्रश्न येतो. जे लिहिलं ते खरं, आणि शेजारच्या वाडीत जे थोडं वेगळं होत होतं ते चुकीचं, असं हळूहळू होऊन बसतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण नोतो द्वीपकल्पाचं. तिथल्या उत्तर भागात भातशेती करणाऱ्या घरांमध्ये 'आएनोकोतो' होतो. ५ डिसेंबरला घरधनी ठेवणीतला किमोनो घालून शेतावर जातो, भाताच्या देवाला बोलावतो, आणि समोर कोणीतरी चालत असल्यासारखा त्याला अदबीने घरी आणतो. पाणी तापलंय, आंघोळ करून घ्या, म्हणतो. मग ताटासमोर बसवून एकेक पदार्थाचं नाव घेत वाढतो, कारण काही घरांत अशी समजूत आहे की देवाला नीट दिसत नाही. देव हिवाळाभर घरात राहतो आणि ९ फेब्रुवारीला त्याला पुन्हा शेतावर पोचवायचं. दिसणारं असं यात काही नाही. एक माणूस रिकाम्या हवेशी बोलतो, एवढंच. प्रत्येक घराची रीत थोडी निराळी होती आणि त्या निराळेपणाबद्दल कोणाला काही वाटत नव्हतं. विसाव्या शतकाच्या मध्याला अभ्यासक आले. त्यांना या घरगुती पाहुणचारात सम्राटाच्या नव्या भाताच्या विधीचं मूळ दिसलं. घरोघरच्या रितींमधून एक 'नमुना' वर आला, १९७६ मध्ये त्याला राष्ट्रीय दर्जा मिळाला आणि २००९ मध्ये तो युनेस्कोच्या यादीत गेला. आता काही ठिकाणी तो पाहुण्यांना समोर बसवून करून दाखवला जातो. देव अधू आणि प्रेक्षक डोळस! नोंद करणाराही नोंदीत हात घालतो, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

त्याहून मोठा आक्षेप ओकिनावाजवळच्या कुदाका बेटाचा. तिथे दर बारा वर्षांनी, घोड्याच्या वर्षी, 'इझाइहो' व्हायचा. बेटावर जन्मलेल्या तीस ते एकेचाळीस वर्षांच्या बायकांना त्यात देवकार्याची दीक्षा मिळायची. त्यानंतर त्या घराच्या आणि बेटाच्या रक्षणकर्त्या. १९७८ साली तो शेवटचा झाला. तेव्हा तिथे अभ्यासक होते, छायाचित्रकार होते, चित्रीकरण झालं. गाणी, पावलं, दिवसांचा क्रम, सगळं टिपून ठेवलेलं आहे. १९९० आलं, आणि विधी झाला नाही. दीक्षा घेणाऱ्या बायका नव्हत्या आणि विधी चालवणाऱ्याही उरल्या नव्हत्या. २००२ गेलं, २०१४ गेलं. २०२६ हे पुन्हा घोड्याचं वर्ष. इतकी उत्तम नोंद असूनही विधी परत उभा राहिला नाही. मग नोंदीचा उपयोग काय?

प्रश्न रास्त आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष घाईचा. इझाइहो माहिती कमी पडली म्हणून थांबला नाही. माहितीअभावी बंद पडलेला विधी शोधावाच लागेल. तो थांबला कारण बेटावरच्या मुली शिकायला, नोकरीला मुख्य भूमीवर गेल्या आणि तिकडेच संसाराला लागल्या. ती वाट कशी बदलत गेली, कोणत्या घरातून कोण कधी गेलं, आयांनी लेकींना जा म्हटलं की थांबवलं, हे टिपायला १९७८ च्या कॅमेऱ्यांना कोणी पाठवलंच नव्हतं. आणि आणखी एक. नियम सैल करून, बाहेरच्या बायका आणून विधी उरकला गेला नाही. न करणं हीसुद्धा त्या बेटाची कृती आहे, आणि तिची नोंद केलेल्या विधीइतक्याच बारकाईने व्हायला हवी होती.

नोंदीच्या बाजूने बोलायचं तर मला कॅमेऱ्यापेक्षा एका तऱ्हेवाईक माणसाची आठवण होते. १९०६ मध्ये मेइजी सरकारने फर्मान काढलं: लहानसहान देवळं मोडा आणि गावागणिक एकाच देवळात विलीन करा. खर्च वाचेल, शिस्त येईल, राष्ट्रभक्ती एकवटेल. देशातल्या सुमारे १ लाख ९० हजार देवळांपैकी ७० हजारांच्या आसपास काही वर्षांत नाहीशी झाली. मिए आणि वाकायामा या प्रांतांत तर वरवंटाच फिरला. वाकायामात मिनाकाता कुमागुसू राहत होता. लंडनला वर्षानुवर्षं ब्रिटिश म्युझियममध्ये वाचन केलेला, 'नेचर'मध्ये लेख लिहिणारा, बुरशीसारख्या दिसणाऱ्या श्लेष्मकवकांच्या अभ्यासाने झपाटलेला आणि दारू प्यायला की कोणालाही न आवरणारा. १९१० मध्ये देवळं मोडण्याच्या बाजूच्या अधिकाऱ्याला गाठायला तो एका सभेत घुसला आणि अठरा दिवस कोठडीत बसला.

त्याने केलं काय? विधी किती सुंदर, किती प्राचीन, यावर त्याचा भर नव्हता. देऊळ मोडलं की आणखी काय काय मोडतं याची यादी त्याने केली. देवराई तुटली की पक्षी जातात, पक्षी गेले की पिकावर कीड पडते. किनाऱ्यावरची झाडी गेली की तिच्या सावलीला येणारे मासे येत नाहीत. जवळचं देऊळ गेलं की शेजाऱ्यांचं जमणं थांबतं, म्हाताऱ्यांना लांबच्या देवळात जाववत नाही. लोकसाहित्याचा अभ्यासक आणि सरकारी अधिकारी यानागिता कुनिओने त्याची पत्रं १९११ मध्ये छापून योग्य त्या लोकांपर्यंत पोचवली, आणि विरोध वाढत जाऊन १९२० पर्यंत ते धोरण मागे पडलं. मिनाकाताचा कागद हीही नोंदच होती. पण ती विधीची नव्हती, विधी ज्यावर उभा असतो त्याची होती. त्यामुळेच तिचा हत्यारासारखा उपयोग झाला. नुसती नाचाची पावलं लिहून ठेवली असती, तर सरकारने ती आनंदाने संग्रहालयात ठेवून देवळं मोडली असती.

आज फर्मान काढणारं कोणी नाही, त्यामुळे लढायचं कोणाशी हेच कळत नाही. जपानची लोकसंख्या २००८ च्या आसपास सर्वाधिक होती, तेव्हापासून घसरते आहे. १९९९ मध्ये तीन हजार दोनशेच्या वर असलेल्या नगरपालिका-ग्रामपालिका एकत्र करून २०१० पर्यंत साधारण सतराशेवर आणल्या गेल्या. निम्म्याहून जास्त माणसं पासष्टीच्या पुढची आहेत अशा वस्त्यांना तिकडे 'गेनकाई शूराकू' म्हणतात, म्हणजे टोकाला आलेली वस्ती. पण पालिका विलीन झाल्यावर उत्सवाला मिळणाऱ्या मदतीचं काय झालं, बस बंद झाल्यावर बासरी शिकवणारे आजोबा शाळेत येईनासे कसे झाले, असे प्रश्न विधीच्या चित्रणात मावत नाहीत. एक अगदी साधी गोष्ट घ्या. आकिता प्रांतातल्या ओगा द्वीपकल्पावर वर्षाच्या शेवटच्या रात्री 'नामाहागे' घरोघर फिरतात. राक्षसी मुखवटे, अंगावर पेंढ्याचा झगा, आणि "रडकी पोरं आहेत का इथे?" अशी गर्जना. त्या पेंढ्याच्या झग्याला 'केदे' म्हणतात. तो विणायला लांब, अखंड पेंढा लागतो. कापणी-मळणी एकदम करणारं यंत्र पेंढ्याचे तुकडे करून शेतात टाकतं. म्हणजे केदेसाठी कोणीतरी थोडं भात जुन्या पद्धतीने कापून, बांधून, वाळवून ठेवावं लागतं. सोमिनसाईच्या पिशवीला लागणाऱ्या वाखाचीही तीच कथा. १९४८ च्या कायद्याने भांगेच्या लागवडीला परवाना आला, आणि एके काळी हजारोंनी असलेले वाखाचे शेतकरी आता काही डझन उरले आहेत. मुखवट्याची छायाचित्रं लाखोंनी सापडतील. त्या वर्षी पेंढा कोणाच्या शेतातला होता, हे कोणत्या संग्रहात मिळेल?

यावर कोणी म्हणेल, हे सगळं फार रुक्ष आहे. पेंढ्याचा हिशेब कोण वाचणार? गाव वाचेल. नोंद कोणासाठी, हा प्रश्न इथे कळीचा ठरतो. मियामोतो त्सुनेइची हा जपानभर पायी हिंडलेला अभ्यासक. एक लाखाच्या घरात छायाचित्रं मागे ठेवून १९८१ मध्ये गेला. १९५० च्या सुमारास त्सुशिमा बेटावर त्याने गावाची जुनी कागदपत्रं थोडे दिवस मागितली, तर गावसभेने त्यावर दोन दिवस चर्चा केली. मध्येच दुसरे विषय निघायचे, माणसं घरी जेवून यायची, पुन्हा कागदांवर बोलणं व्हायचं. सगळ्यांचं मत जुळल्यावरच कागद हातात पडले. हा वेळकाढूपणा नव्हता. ज्याची वस्तू त्याने ती द्यायची की नाही हे ठरवायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. पुढे याच मियामोतोने, अभ्यासकांचं येणं म्हणजे गावाला होणारा उपद्रव आहे, असं स्पष्ट लिहिलं. कोणी प्रश्नांचा भडिमार करून हवं तेच उत्तर काढून घेतो, कोणी कागद नेतो ते परत आणत नाही. तो आरोप पोकळ नव्हता. युद्धानंतरच्या वर्षांत एका संशोधन संस्थेने मच्छीमार गावांमधून ढिगाने कागदपत्रं उसनी आणली होती. काम बारगळलं आणि कागद तसेच पडून राहिले. तरुणपणी त्या कामात असलेला इतिहासकार अमिनो योशिहिको पुढे कित्येक वर्षं गावोगाव जाऊन ते परत करत होता. तीस-तीस वर्षांनी दार वाजवून 'हे तुमचे कागद, उशीर झाला' म्हणायचं. आजच्या डिजिटल संग्रहांचं हे ओझं कोण आणि कधी परत करणार? चित्रफीत परत द्यायची नसते म्हणून आपण ती उसनीही समजत नाही.

नोंद नाकारण्याच्या हक्काबद्दल बोललो, तेही निव्वळ तत्त्व म्हणून नाही. ओकिनावाच्या दक्षिणेकडच्या याएयामा बेटांवर काही गावांत सुगीच्या सणाला 'आकामाता' आणि 'कुरोमाता' हे देव येतात. तिथे छायाचित्रण बंद, ध्वनिमुद्रण बंद, रेखाटनसुद्धा बंद. बाहेरच्या माणसाने बघावं तेही गावाच्या मर्जीने. यातलं आरागुसुकू हे बेट तर जवळजवळ ओसाड आहे, कायमची राहणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. आपल्या वादाच्या हिशेबाने हा विधी केव्हाच संपायला हवा होता. कॅमेरा नाही, माणसं नाहीत. पण सुगीला बोटी भरतात. इशिगाकीहून आणि आणखी लांबून बेटाची मुलंनातवंडं येतात, देव येतात, गाणी होतात, आणि मग बेट पुन्हा रिकामं. शिमग्याला मुंबईहून रात्रभर उभ्याने प्रवास करून गावी जाणाऱ्या चाकरमान्याला यातलं काही समजावून सांगायला नको. तिथे गुप्तताच लोकांना बांधून ठेवते आहे असं मला वाटतं: जायचं तर स्वतः जा, घरबसल्या बघायची सोय नाही. या गावांकडे जाऊन 'मानवजातीचा वारसा आहे, टिपू द्या' असं म्हणणं मला शुद्ध आगाऊपणा वाटतो.

मग सगळीकडे असंच कुलूप लावावं का? नाही, कारण प्रत्येक गावाला परतायला जागा उरलेली नसते. आइची प्रांताच्या डोंगरात, ओकुमिकावा भागात, हिवाळ्यात रात्रभर 'हानामात्सुरी' चालते: मधोमध उकळत्या पाण्याची कढई, भोवती मुलांचे, तरुणांचे, कुऱ्हाडवाल्या राक्षसांचे नाच, आणि बघ्यांचा 'तेहोहे, तेहोहे' असा ठेका. बँकेच्या कामातून वेळ काढून लोकसंस्कृतीचा संग्रह करणाऱ्या शिबुसावा केइझोने १९३० च्या सुमारासच या नाचाचं चित्रण केलं, नर्तकांना तोक्योच्या आपल्या घरीही बोलावलं. पुढे तेन्र्यू नदीवर साकुमा धरण झालं, १९५६ मध्ये पाणी भरलं, आणि काही वाड्या बुडाल्या. त्यातल्या एका वाडीचे लोक खाली तोयोहाशी शहरात जाऊन राहिले आणि तिथल्या देवळात त्यांनी आपली हानामात्सुरी पुन्हा सुरू केली. डोंगर नाही, बर्फ नाही, ती कडाक्याची थंडीही नाही. हे खरं की खोटं? धरणात घर गेलेल्या माणसाला तोंडावर हे विचारण्याची हिंमत असेल त्याने विचारावं. इथे कोयनेची आठवण येणं साहजिक आहे, पण तो विषय स्वतंत्र आहे.

'अस्सल' या शब्दावर दोन्ही बाजूंचा जो विश्वास आहे, तोच मुळात डळमळीत आहे. नामाहागे आज ३१ डिसेंबरला येतात, पूर्वी ते जुन्या पंचांगातल्या धाकट्या नववर्षाला, पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमाराला यायचे. १८७३ पासून जपानने पाश्चात्त्य कॅलेंडर घेतलं आणि देवांनाही मुक्काम हलवावा लागला. १९६४ मध्ये पर्यटकांसाठी फेब्रुवारीत त्यांचा वेगळा उत्सव सुरू झाला, तोही आता साठ वर्षांचा झाला. सोमिनसाई संपली त्याच आठवड्यात, २२ फेब्रुवारी २०२४ ला, आइची प्रांतातल्या इनाझावाच्या कोनोमिया देवळात याच जातीच्या उघड्या पुरुषांच्या उत्सवात बायका पहिल्यांदा उतरल्या. चाळीसेक जणी, जांभळे अंगरखे घालून, कापडात गुंडाळलेला बांबू खांद्यावर घेऊन. एक उत्सव माणसं नाहीत म्हणून संपला, दुसऱ्याने माणसं कोणाला म्हणायचं ते थोडं बदललं. सगळीकडे बायका घेतल्या की प्रश्न सुटतो असं मी म्हणत नाही. कोकुसेकी-जीमध्ये ते जमलं असतं की नाही हे तिथलेच सांगू शकतील. पण असा बदल गावाने काय बोलून, कोणाची समजूत काढून केला, ही नोंद पुढच्या गावाला उपयोगी पडते. उघड्या छात्यांचं शंभरावं छायाचित्र पडत नाही.

आणि नोंद कधी खरोखर हात देते, ते २०११ च्या त्सुनामीनंतर दिसलं. फुकुशिमा प्रांतातल्या नामिए नगरातलं उकेदो हे किनाऱ्यावरचं गाव लाटेने धुऊन नेलं, आणि अणुभट्टीच्या अपघाताने उरलेल्यांनाही तिथून हलवलं. तिथे लहान मुली भातलावणीचा नाच करायच्या. मुली प्रांतोप्रांती पांगल्या, पोशाख वाहून गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इवाकी शहरातल्या मत्स्यालयाच्या आवारात त्या पुन्हा नाचल्या. शिकवणाऱ्या बायकांना सगळं पाठ होतं, पोशाख नव्याने शिवले गेले. इथे पोशाखाचा कपडा, रंग, बांधणी यांची बारीकसारीक माहिती सोन्याच्या मोलाची. मियागी प्रांतातल्या मिनामीसानरिकूच्या मितोबे वाडीची गोष्ट तर मला फार आवडते. तिथला हरणांचा नाच पूर्वीच थांबला होता. पुढे एक दगड सापडला, १७२४ चा, या नाचाच्या नावाने उभारलेला, आणि त्यावरून गावाने नाच पुन्हा सुरू केला. त्सुनामीनंतर ढिगाऱ्यात ढोल सापडले आणि आसरा छावणीत नाच झाला. त्या दगडावर पावलं नाहीत, ठेका नाही. आम्ही नाचत होतो, एवढंच गावाने गावासाठी कोरून ठेवलं होतं.

आपल्याकडच्यांनी जपानकडे बघून हळहळण्याआधी एक लहानशी गंमत लक्षात घ्यावी. नीइगाता प्रांतातल्या तोकामाची या बर्फाळ डोंगरी भागात मुलंच नाहीत म्हणून बंद पडलेल्या एका शाळेत मिथिला चित्रांचं संग्रहालय आहे, आणि तिथे वारली चित्रंही आहेत. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे तिथे राहून चित्रं काढून आले. वारली चौक हा मुळात लग्नाचा विधी; तो घराच्या भिंतीवर सवाशिणी लिहायच्या, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणायची. कागदावर आला तो पुरुषाच्या हाताने आला, आणि जगभर गेला. म्हसेंच्या प्रतिभेबद्दल वाद नाही. पण जपानच्या ओस शाळेतल्या भिंतीवर चौकाची आकृती पोचली; धवलेरीचं गाणं, तिला मिळणारा मान, लग्नासाठी काढलेलं कर्ज, हे डहाणूतच राहिलं. इथेही जेवढं दिसतं तेवढंच गेलं.

हिशेब आणि भांडणं लिहिली तर गावाची अब्रू जाईल, हा उरलेला आक्षेप खरा आहे. त्याला उत्तर मालकीचंच. वही गावाकडे असेल, तर कुठलं पान तीस वर्षं मिटून ठेवायचं ते गाव ठरवेल. पैसा कुठून, याचं उत्तर तर सोपं आहे: एका रात्रीच्या ड्रोन चित्रणाला जेवढा लागतो त्यात गावातल्याच एखाद्या निवृत्त शिक्षिकेला वर्षभर मानधन देता येईल, आणि तिला पेंढा कोणाचा हे विचारायला कोणाची परवानगी लागणार नाही.

कोकुसेकी-जीने उत्सव थांबवताना सांगितलं होतं की प्रार्थना चालू राहतील, मंदिर आपली साधना दुसऱ्या रूपात पुढे नेईल. तिथे आता लंगोट नाहीत, रेटारेटी नाही, बाहेरून येऊन बघण्यासारखं काही नाही. पुजारी येतात, दिवे लावतात, त्या वाडीतली जी काही म्हातारी माणसं चढ चढू शकतात ती येऊन बसतात. २०२४ च्या त्या रात्रीचे छायाचित्रकार केव्हाच दुसऱ्या 'शेवटच्या' उत्सवाकडे गेले आहेत.